वाघ घालवायला माणसं लागतात

मी जन्मभर भूगोल शिकवला. पोरांना तो कळला असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण शिकवला. त्यातही वसाहतींचा धडा माझा हातखंडा. फळ्यावर खडूचे ठिपके एकमेकांना चिकटवून काढले की केंद्रित वसाहत, लांब लांब काढले की विखुरलेली वसाहत. दुसरीचं उदाहरण म्हणून मी दरवर्षी माझ्याच वाडीचा नकाशा काढायचो. भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या एका सोंडेवर, महादेव कोळ्यांची आमची वाडी. "प्रत्येक ठिपका म्हणजे एक घर बरं का," असं म्हणत मी ऐटीत मागं सरायचो आणि हमखास टेबलाला धडकायचो. पोरं त्या क्षणाची वाट बघत असायची. धडा कुणाच्या लक्षात राहिला असेलच तर त्या धडकेमुळं.

नोकरीची बरीच वर्षं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, जामखेडकडं, खर्ड्याच्या बाजूला. तिथं स्थलांतराचा धडा नेमका दिवाळीनंतर यायचा, आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला असायचा. मी रिकाम्या बाकांना स्थलांतराची कारणं सांगायचो. एकदा तर सवयीनं "समजलं का?" असंही विचारलं. उरलेल्यातली एक पोरगी म्हणाली, "ते आले की इचारते सर."

हे चालू असताना माझ्या फळ्यावरचे ठिपके मात्र मी कधी कमी केले नाहीत. वाडीतलं एक घर नाशिकला गेलं. एक चाकणच्या कंपनीमागं गेलं. कुणी नारायणगावला टोमॅटो तोडायच्या मजुरीला म्हणून गेलं ते तिकडंच पत्रा टाकून राहिलं. काही जण खाली पाण्याकाठच्या तंबूंत पर्यटकांना चहा द्यायला लागले. फळ्यावर वाडी आपली भरलेलीच. आणि सगळ्यात आधी गेलेला ठिपका कुणाचा? या गुरुजींचा. संगमनेरला कॉलनीत घर बांधलं, दारावरच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली वाडीचं नाव कोरून घेतलं, आणि गावाची आठवण ठेवली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

मी निवृत्त झालो तोवर वाडीत दोनच चुली उरल्या होत्या. एक माझ्या चुलतीची. तिला आम्ही सगळे नानी म्हणतो. दुसरी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याची. तो ठार बहिरा, आणि निम्मं वर्ष लेकीकडं राजूरला, त्यामुळं ती चूल अर्धीच धरायची.

मागच्या पावसाळ्यात नानी झऱ्यावरून पाणी आणताना घसरली आणि सबंध दिवस तशीच पडून राहिली. हे तिनंच मला हसत सांगितलं. "हाका मारल्या की रं. ऐकनारा एकच, त्योबी बहिरा." शेवटी म्हातारा पाणी भरायला आला आणि तिच्या अंगावर अडखळला, तेव्हा कुठं ती उठली.

नानीचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, संगमनेरातच एका गॅरेजात काम करतो. आमच्या कॉलनीच्या मागं दोन खोल्यांत राहतो. तो माझ्या दारात आला तो रागानं लाल होऊन. "दादा, बास झालं आता. एक दिस तिथंच पडून मरंल आन् कुनाला कळनारबी न्हाई. तू मास्तर हायेस. तुजं ऐकती ती. खाली आन तिला."

माझं ऐकती! माझं आयुष्यात कुणी ऐकलं असेल तर त्या रिकाम्या बाकांनी. पण चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर आणि निघालो.

जाताना तयारी पक्की. दवाखाना, नळ, नातवंडं, असे मुद्दे बोटांवर बसवले होते. नानी ओट्यावर सुपात नागली निवडत होती. मी सगळे मुद्दे मांडले. तिनं सूप आपटलं, फोलकट उडवलं आणि म्हणाली, "झालं? आता पानी आन."

झरा लांब नाही. वाट मात्र नावापुरती. हंडा भरून निघालो तो अर्धा वाटेत सांडला, उरलेल्यातला अर्धा माझ्या पँटीवर. हंडा ओट्यावर टेकवला तर नानी आत डोकावून म्हणाली, "ह्याच्यात तर मपलं त्वांडबी भिजायचं न्हाई मास्तर." मी मास्तर झाल्यापासून ती मला मास्तरच म्हणते. त्यात मान किती आणि टवाळी किती, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग तिनं चूल पेटवली. कौलांतून धूर निघाला आणि दरीवर आडवा पसरला. मी ओट्यावर ओली पँट वाळवत बसलो होतो आणि एकदम माझ्या लक्षात आलं. ही खाली आली तर हा धूर संपला. मग कुणी विचारलं, गुरुजी, गाव कुठलं, तर मी काय सांगणार? आजवर छातीठोक सांगत होतो, कारण इथं नानी होती. गाव असणं म्हणजे काय, तर आपल्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी तिथं राहणं. आमच्या सगळ्यांच्या वतीनं पाणी ती भरत होती. पडतही तीच होती.

आणि मी, भावानं नेमून पाठवलेला वकील, भर खटल्यात दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. "नानी, तू नको येऊस खाली," मी म्हणालो.

नानीनं फुंकणी चुलीपाशी टाकली. "मंग आलास कशाला? पानी सांडायला?"

नंतर भाकरी थापताना ती हळू आवाजात बोलली. "पडन्याचं भ्या न्हाई मला. मी पडतच मोठी झाले. पर मास्तर, मी वाडीत ऱ्हाते का नुसती रानात ऱ्हाते, ह्ये मला कळंना झालंय. तू शिकवतोस ना त्ये? सांग बरं. किती मान्सं असली म्हंजी वाडी?"

माझा हातखंडा धडा. त्यात याचं उत्तर नव्हतं. मी भाकरीचा पापुद्रा सोलत राहिलो.

तिनंच तोडगा काढला. "आवंदा वाघबारशीला वाघ घालवू आपन. वाडीनं घालवायचा, पयल्यासारका. घालवता आला, तर वाडी हाय. मी हितंच ऱ्हाईन, पोराला काय सांगायचं त्ये तू सांग. न्हाई जमलं, तर तवाच गठुडं बांधते."

हे बाहेरच्याला सांगायला हवं. दिवाळीच्या तोंडावर वसुबारस येते तेव्हा बाकी मुलूख गाय-वासराला ओवाळतो. आम्ही डोंगरातले लोक गाय-वासरू ज्याच्यापासून राखायचं त्याची पूजा करतो. वाडीच्या वर, करवंदीच्या जाळीपाशी, शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे. घरोघरचं दूध गोळा करून तिथंच खीर शिजायची. वाघोबाला नैवेद्य दाखवला की गुराख्यांपैकी एक जण अंगावर घोंगडी घेऊन वाघ व्हायचा, चार पायांवर. सगळी वाडी काठ्या आपटत, हाकारा घालत त्याला शिवेपर्यंत पिटाळायची. तिथं त्याला अडवून विचारायचं, "परत येशील आमच्या शिवारात?" त्यानं म्हणायचं, "न्हाई येनार." असं तीनदा. मग तो शिवेपलीकडं पळाला की वर्षभर गुरं सुखरूप. मला लहानपणी कधी वाघ केलं नाही. एकदा कोल्हा केलं होतं, तर मी पळायच्या आधीच रडलो.

गुरं गेली तसे गुराखी गेले, आणि ही रीत बंद पडली. नानी एकटीच त्या दिवशी दगडापाशी दिवा लावून यायची.

आता वाडीच्या माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. वाडीत नाहीत तेवढी माणसं त्या ग्रुपात आहेत. मी संगमनेरला परतल्यावर त्यावर असा काही मजकूर टाकला की स्वतःच वाचून गहिवरलो. माती, नाळ, पूर्वज, सगळं घातलं. नानीची अट मात्र घातली नाही, कारण म्हातारीला धमकावण्यासारखं दिसेल असं वाटलं. खरं म्हणजे मजकुराची लय बिघडत होती. थोड्याच वेळात अंगठे यायला लागले. अंगठ्याखाली अंगठा. नाशिकचा अंगठा, चाकणचा अंगठा, तंबूवाल्यांचे अंगठे. आमच्या आज्या-पणज्यांनी न वाचता कागदांवर अंगठे उठवले म्हणून मी वर्गात हळहळ व्यक्त करायचो. इथं वाचता येणाऱ्यांनी अंगठे उठवले होते, आणि ते खरे मानणारा सावकार नव्हता, मी होतो.

मी लगेच नानीला फोन लावला. तिच्या घरात घंटा तेवढी वाजते, बोलायची रेंज घ्यायला टेकाडावर चढावं लागतं, त्यामुळं ती कायम धापा टाकतच बोलते. "समदी येत्यात?" तिनं विचारलं.

"समदी!"

"नाशिकवालीबी?"

"सगळी गं नानी. पोरंबाळं घेऊन."

ती म्हणाली, "मंग मोठं पातेलं घासाया हवं."

भावाला मी अट सांगितली. तो एवढंच म्हणाला, "मी गॅरेजचा टेम्पो घेऊन येनार त्या दिशी. रिकामा न्यायचा का भरून आनायचा त्ये तुमी बघा."

वाघ कोण होणार, हा प्रश्न उरला. ग्रुपवर विचारलं तर अंगठ्यांचा झरा एकदम आटला. तेव्हा मीच व्हायचं ठरवलं. घोंगडी घरात नव्हती. बाजारातून वाघाचं मोठं तोंड छापलेलं जाड ब्लँकेट आणलं. आमच्या बायकोनं ते माझ्या अंगावर पांघरून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. वाघाचं तोंड बरोबर माझ्या बसण्याच्या जागी आलं होतं. "ह्यो वाघ मागं मागं पळणार का?" ती म्हणाली. "आणि घरात झुरळ निघालं की खुर्चीवर कोण चढतं?"

वाघबारशीच्या दिवशी सकाळीच पोचलो. भाऊ टेम्पो घेऊन माझ्या मागोमाग. नानीनं काय केलं नव्हतं? अंगण सारवलं होतं. वाडीत शेण देणारं जनावर नाही म्हणून ते खालच्या गावातून डोक्यावर आणलेलं. वाघोबाच्या दगडाभोवतीचं गवत काढलं होतं, शेंदूर नवा. आणि सगळ्या बंद घरांच्या उंबऱ्यांवर रांगोळीच्या दोन-दोन रेघा. कुलपं लागलेल्या दारांपुढं रांगोळी. मी त्या बघितल्या आणि पहिल्यांदा मला माझ्या अंगठ्यांची शंका आली.

दूध राजूरवरून आणलेलं पिशवीचं. पिशव्या कापून पातेल्यात ओतताना नानी स्वतःशीच म्हणाली, "वाघाला काय ठावं. गायबी न्हाई आन् वाघबी न्हाई." ते खरंच होतं. डोंगरातली गुरं संपली तशी बिबट्यानंही वाट धरली, खाली प्रवरेकाठी, राहात्याकडं, उसात. आता त्याची पिल्लं उसातच जन्मतात. त्यांनी डोंगर बघितलेलाही नाही. आमच्या नातवंडांसारखीच. माझ्या स्थलांतराच्या धड्यात हे कधी आलं नव्हतं.

खीर शिजत आली. पातेलं एवढं मोठं की नानीला उलथणं दोन्ही हातांनी फिरवावं लागत होतं. मी रेंजसाठी टेकाडावर चढलो. मोबाईल टुणटुण वाजायला लागला. सायबानं सुट्टी दिली नाही. गाडी लोडिंगला लागली. लेकराला ताप आहे. तंबूंत दिवाळीचं बुकिंग फुल आहे. आणि त्यानंतर, एकाखाली एक, पुन्हा एकदा सगळ्यांचं एकच: "फोटो टाका." "व्हिडिओ टाका नक्की." "आपली संस्कृती जपली पाहिजे."

खाली उतरलो तर नानी वाटेकडं बघत उभी. मी म्हणालो, "वाटेत असतील." हे मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. भूगोलाच्या शिक्षकाला कुठली वाट कुठं जाते एवढं तरी कळायला हवं होतं.

ऊन डोक्यावरून कललं. नानीनं नैवेद्य दाखवला. मग कमरेत पदर खोचून काठी उचलली आणि म्हणाली, "हो वाघ."

मी ब्लँकेट पांघरून चार पायांवर झालो. हाकारा घालायला माणसं तीन. नानी, माझा भाऊ आणि शेजारचा बहिरा म्हातारा. भाऊ अवघडून काठी आपटत होता. म्हाताऱ्याला कुणी कधी ओरडायचं ते ऐकू येत नसल्यामुळं तो आम्ही थांबलो की ओरडायचा. "हाऽऽ! हाऽऽ!" पूर्वी या हाकाऱ्यानं दरीतली पाखरं उठायची. आता आवाज समोरच्या कड्यापर्यंत जाऊन तसाच परत यायचा, पत्ता चुकलेल्या पाकिटासारखा. मी पळालो. गुडघ्यांना पळावंसं वाटत नव्हतं, वाघपणाच्या जोरावर पळालो. ब्लँकेट पायांत आलं आणि मी करवंदीच्या जाळीत तोंडावर पडलो. मला काट्यांतून ओढून काढायला हाकारेकऱ्यांनाच यावं लागलं. वाघाला धरून उभा केला, त्याचे काटे काढले आणि मग भावानं विचारलं, "परत येशील आमच्या शिवारात?"

"न्हाई येनार," मी कण्हत म्हणालो. म्हातारा तेवढ्यात "हाऽऽ!" ओरडला.

कुणी हसलं नाही. नानीनं काठी टेकली. "ह्यो काय हाकारा हाय का," ती म्हणाली, "ह्ये तर आपन आपल्याशीच बोलतोय."

भाऊ टेम्पोकडं बघत होता. मी बघत नव्हतो, पण टेम्पो मला दिसत होता.

आणि तेवढ्यात खालून वाटेनं माणसं आली. भरपूर. रंगीत टोप्या, गॉगल, खांद्याला कॅमेरे. सगळ्यांच्या पुढं आमच्याच वाडीचा एक बाप्या, माझ्या नात्यातला, पाण्याकाठच्या तंबूंत कामाला असलेला. त्याचाही अंगठा आलेला होता. "गुरुजी, सुट्टी दिली न्हाई," तो ओशाळून म्हणाला, "म्हून पाव्हण्यांनाच घेऊन आलो. त्यांना बघायचा व्हता वाघ."

नानीनं त्याला न्याहाळलं. "तू वाडीचा म्हून आलास का त्यांचा म्हून?"

त्यानं मान खाली घातली. "दोन्ही, नानी."

पाहुण्यांतल्या एका बाईनं मला, म्हणजे ब्लँकेटातल्या वाघाला, अगदी अदबीनं विचारलं, "काका, परत एकदा करून दाखवाल का? आमचं सुरुवातीचं राहिलं."

इथं शहाणा माणूस काय करील? नाही म्हणेल. मी काय केलं? मला त्यांच्यात गर्दी दिसली. गर्दी! मला फक्त माणसंच तर कमी पडत होती. मी त्यांना काठ्या दिल्या. ओळीनं उभं केलं. हाकारा कसा घालायचा ते शिकवलं, अगदी फळ्यापुढं उभं राहून शिकवावं तसं. त्यांनीही काय जीव लावून घातला हो! दरी भरून गेली. समोरच्या कड्यावरून कावळे उठले. मी गुडघे सोलून शिवेपर्यंत पळालो, त्या बाईनं "परत येशील का?" असं सुरात विचारलं, मी "न्हाई येनार!" अशी डरकाळी फोडली आणि शिवेपलीकडं उडी मारली. टाळ्या पडल्या. मी धापा टाकत नानीकडं आलो, ब्लँकेट खांद्यावर टाकून. जिंकलो होतो ना!

"बघ नानी! झाला का न्हाई हाकारा? बघ किती माणसं!"

नानी पातेल्याशी बसली होती. वर न बघता बोलली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मास्तर, हाकारा ज्याच्या दावनीला जनावर हाय त्यानं घालायचा आसतो. ह्यांचं काय जानार हाय वाघानं?"

मग तिनं पानांचे द्रोण पुसले आणि पाहुण्यांना खीर वाढायला घेतली. सगळ्यांना. वाडीच्या नावानं केलेली खीर, आग्रह करून करून. "घ्या की अजून. लई हाय." ते लोक ओट्यावर, बंद घरांच्या पायऱ्यांवर, रांगोळीच्या रेघांवर बसून खात होते. एक जण म्हणाला, किती शांत आहे इथं, इथंच राहावंसं वाटतं. नानीनं त्याच्या द्रोणात आणखी एक पळी घातली.

ते गेल्यावर तिनं पातेलं पालथं घातलं. चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी टाकलं. तो आवाज मला ऐकू आला. ओल्या राखेचा फस्स असा. धुराचा एक लोट कौलांतून निघाला, दरीवर पसरला, आणि मागं दुसरा आला नाही. गठुडं लहानसंच. भावानं ते टेम्पोत ठेवलं. जिंकला तो होता, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. आईला उचलून टेम्पोत बसवताना तो एकदाच बोलला. "दादा, मला वाटलं व्हतं, येतील रं." मला त्या क्षणी कळलं, की ती खाली यावी म्हणून भांडणारा हा माणूस मनातून माझ्याइतकाच तिथल्या चुलीवर जगत होता.

बहिरा म्हातारा टेम्पो निघाला तेव्हा ओट्यावर उभा होता. इंजिनाचा आवाज त्याला येत नव्हता. त्याला वाटलं असावं, आम्ही परत वाघ घालवायला लागलोय. त्यानं काठी उचलली आणि ओरडला, "हाऽऽ! हाऽऽ!" आम्ही वळणाआड जाईपर्यंत ओरडत होता. पुढच्याच आठवड्यात त्याला लेकीनं राजूरला नेलं, कायमचं.

माझा व्हिडिओ मात्र ग्रुपवर गाजला. पाहुण्यांनी काढलेला. त्याखाली अंगठे, हात जोडलेले, फुलं. "गुरुजींनी वाडी जिवंत ठेवली." "पुढच्या वर्षी नक्की." मी त्याखाली लिहायला घेतलं की वाडीत आता कुणी नाही. चार वेळा लिहिलं आणि पुसलं. शेवटी काय टाकलं? अंगठा.

नानी आता आमच्या कॉलनीमागं दोन खोल्यांत आहे. नळाखाली हंडा लावते आणि तो काठोकाठ भरेपर्यंत बघत बसते. मी रोज चक्कर मारतो. बोलायला विषय काढतो, भूगोलाच्या तासासारखा, आणि ती हूं हूं करते. मास्तर म्हणत नाही. पाणी सांडल्यावरून टोमणे मारत नाही. तो टोमणा मिळावा म्हणून एकदा मी मुद्दाम तिच्यासमोर तांब्या लवंडला, तर ती मुकाट्यानं फडकं घेऊन आली.

परवा संध्याकाळी कॉलनीत आरडाओरडा झाला. मागच्या उसात बिबट्या दिसला होता. लोक गच्च्यांवर चढले. कुणी ताट बडवतंय, कुणी फटाके लावतंय, कुणी मोबाईलचा उजेड उसात मारतंय. भाऊ काठी घेऊन फाटकाशी. मी नानीच्या खोलीत होतो. ती खिडकीच्या गजांशी उभी राहून उसाकडं बघत होती. सगळी कॉलनी हाकारा घालत होती, आणि काय हाकारा! भरलेला, दणदणीत, सगळी माणसं आपापल्या दारातली. केंद्रित वसाहतीचं याहून चांगलं उदाहरण मी फळ्यावर कधी काढलं नव्हतं.

मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. माझी ही वाटण्याची खोड काही जात नाही. मी म्हणालो, "नानी, घाल ना तूबी हाकारा. बघ, समदी घालत्यात."

ती गजांवरचा हात न काढता म्हणाली, "मपलं काय हाय हितं?"

आणि तिनं खिडकी लावून घेतली.